साहेबांच्या पाठीवरची माणसं

अन्याय झाला तो अकोल्याच्या एका पेंटरवर. मागच्या हिवाळ्यात, आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगच्या आदल्या दिवशी, दुपारचं जेवण आणि होस्टेलची संध्याकाळची हजेरी यांच्या मधल्या वेळात, अमरावतीत, भर उजेडात. त्यांची सहा चित्रं गेली. चोरीला गेली असती तर मी पोलिसात तरी गेले असते. ती मानानं टांगली गेली आणि त्यातच संपली. कशी, ते सांगते. आधी माणूस सांगते, कारण माणूस कळल्याशिवाय काय गेलं ते कळणार नाही.

त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांनीच बजावलं आहे. "पाम्प्लेटात मायं नाव टाकू नको बरं. जिंदगीभर दुसऱ्याईचेच नावं लिवले, आपलं पाहाची सवय नाई."

त्यांची मुलगी माझी रूममेट, म्हणून मी त्यांना काका म्हणते. ते मला पाम्प्लेट म्हणतात. होस्टेलचं पाणी, रखडलेली शिष्यवृत्ती, मेसची डाळ, कशावरही मी पत्रक काढते हे त्यांना मुलीकडून कळलं होतं. पहिल्याच भेटीत त्यांनी माझं एक पत्रक मागून घेतलं, पार नाकाजवळ नेलं आणि मान इकडून तिकडे फिरवत वाचलं. मला वाटलं, मजकुरावर काही बोलतील. म्हणाले, "गोष्ट खरी हाय. अक्षरं उपाशी हायेत."

मग खालचं चित्र पाहिलं. वर केलेल्या मुठी, झेंडे, ओरडणारी तोंडं.

"हे सगळे उभेच काहून?"

"काका, लढणारी माणसं आहेत."

"मांगनारा मानूस उभा असते, बरोबर हाय तुयं. पर वाट पाहनारा बसला असते. अन् बसलेले जास्त हायेत ना बाप्पा! त्याईले कोन काढते?"

तेव्हा मला ते बोलणं मागासलेलं वाटलं होतं. मी वादही घातला. ते ऐकून घेत होते आणि माझ्या कानाकडे बघत होते. नंतर मुलीला म्हणाले, "तुयी मैत्रीण भांडते तवा तिचा कान लाल होते. चांगला रंग हाय."

काकांनी उमेदीची सगळी वर्षं अकोल्यात बोर्ड रंगवले. दुकानांची शटरं, ट्रकचे मागचे फाळके, शाळेच्या भिंतींवरचे सुविचार, विहाराच्या कमानी. मग फ्लेक्स आला. चहा प्यायला जावं आणि येईपर्यंत बोर्ड छापून तयार. काकांचे ब्रश डब्यात वाळून काड्या झाले. घर काकूंच्या शिलाई मशीनवर आलं. पण हातातलं काम गेलं तरी डोळ्यातलं जात नाही. रस्त्यानं चालताना काका प्रत्येक बोर्ड मोठ्यानं वाचत आणि त्याची तब्येत सांगत. एकदा अमरावतीत बसस्टँडसमोरच्या मेडिकलमध्ये ते शिरले आणि मालकाला म्हणाले, "भाऊ, तुमच्या बोर्डावरच्या 'ल'ले लकवा मारला."

मालक म्हणाला, "काका, गोळी कोणती देऊ?"

"मले नाई, त्याले द्या."

मुलगी लाजेनं रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. पुढच्या खेपेला काका येताना काळ्या रंगाची डबी आणि ब्रश घेऊन आले आणि त्या मालकाच्या स्टुलावर चढून 'ल' चालता करून दिला. चहासुद्धा घेतला नाही. म्हणाले, "दवाखान्यात कोनी चहा पेते का?"

तर हा माणूस, ज्याचं पोट फ्लेक्सनं मारलं, तो फ्लेक्स गोळा करायला लागला. वाढदिवस, निवड, अभिनंदन, श्रद्धांजली झाली की दोरीवर लोंबणारे फ्लेक्स उतरवून घरी आणायचा. लोकांना वाटलं, छपराला. काका ते उलटे करायचे. मागची पांढुरकी बाजू विटेच्या तुकड्यानं घासून खरखरीत करायचे, म्हणजे रंग धरतो. मग पहिल्या रंगाचं अस्तर, आणि त्यावर चित्र. सगळ्यांत जाड फ्लेक्स एका साहेबांचा असायचा. आमच्या भागातलं मोठं प्रस्थ. काका म्हणायचे, "या मानसानं मले एकच चीज देल्ली, पर लय कामाची देल्ली. पाठ."

काकू त्या फ्लेक्सच्या कडा दुमडून हिरव्या नायलॉन दोऱ्यानं शिवून देत, उसवू नये म्हणून. आणि शिवताना बोलत. "या साहेबापायी माया मशीनच्या सुया मोडून रायल्या. एखादा पातळ लीडर नाई का भेटत तुमाले?"

सही काका करत नसत. उजव्या खालच्या कोपऱ्यात लाल रंगात अंगठा उठवायचे. मी चिडले. म्हटलं, काका, आपल्या लोकांनी अंगठ्यापासून सहीपर्यंत यायला किती खस्ता खाल्ल्या, आणि तुम्ही उलटे चाललात? ते म्हणाले, "माया बापानं आंगठा देल्ला तवा जमीन गेली. मी देतो तवा चित्र येते. उलटं नाई झालं, वसूल झालं."

आता होस्टेलच्या गेटबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच घडलं.

मुलींचं होस्टेल, त्यामुळे पुरुष पाहुणा आत येत नाही. ठीक. पण भेटीची खोलीही नाही, शेडही नाही. रविवारी गावोगावचे आईबाप येतात आणि कंपाउंडच्या भिंतीला लागून, रस्त्याच्या कडेला, चादर अंथरून बसतात. बार्शीटाकळीचे असोत की अंजनगावचे, शिपाई असोत की शेतवाले, सगळ्यांची चादर त्याच धुळीत. ठरलेल्या वेळेला गेट उघडतं, तोवर मुली जाळीच्या आत आणि घर जाळीच्या बाहेर. शेडसाठी आम्ही किती अर्ज दिले ते विचारू नका.

काका दर महिन्याला सगळ्या घराला घेऊन येत. सगळं घर म्हणजे काकू आणि काकांची विधवा बहीण, जिला आम्ही आत्या म्हणायचो. काका याला भेट म्हणत नसत, "हजेरी" म्हणत. "आमी हजेरीले आलो." बसायचा क्रम ठरलेला: आत्या भिंतीला टेकून, काकू डब्यापाशी, मुलगी मध्ये, आणि काका स्वतः समोर, रस्त्याकडे पाठ करून. आणि जेवण लगेच सुरू व्हायचं नाही. काकांना उजेड मनासारखा पाहिजे.

"थांबा. भिंतीवरून ऊन खाली येऊ द्या."

"भाकर थंडी होऊन रायली," काकू म्हणत. "तुमचा उजेड काय पोट भरते का?"

"वहिनी, वाढ तू," आत्या म्हणायची. "त्याले बसू दे ऊन खात."

मग काका हसत आणि जवसाच्या चटणीत भाकर बुडवत. मुलीशी फार बोलत नसत. अभ्यास कसा चालला, एवढंही विचारायचे नाहीत. इकडच्या तिकडच्या चादरींवरची माणसं न्याहाळत बसायचे. मुलगी कधी कधी रागवायची, "बाबा, तुम्ही मला भेटायला येता की यांना?" ते म्हणायचे, "तुले पाहाले आलो, म्हनून तं हे दिसून रायले."

त्या पाहण्यातून शेवटच्या दोन वर्षांत सहा चित्रं झाली. पाच मी पाहिली, अकोल्याला त्यांच्या घरी, पलंगावर पसरून. सगळी त्या गेटबाहेरच्या माणसांची. एक बाप, पिशवीतली संत्री मांडीवर घेऊन बसल्या बसल्या झोपलेला. मोठं संत्रं वर, लहान खाली, मुलीला वरचं आधी दिसावं म्हणून. दोन अनोळखी बाया एकमेकींच्या डब्यातली भाजी चाखताना. एक म्हातारा, वहाणा काढून मांडीखाली घेतलेल्या, कारण चोरीला जातील की काय. जाळीवर टेकलेली बोटं. कुणाच्याच चेहऱ्यावर दुःख नव्हतं, त्यामुळे ती चित्रं पाहताना मला जास्त त्रास झाला.

एक गोष्ट विचित्र होती. माणसं चित्राच्या मधोमध दाटीनं बसलेली, आणि कडेला नुसता तपकिरी अंधार. आमच्या ओळखीच्या एका चित्रकलेच्या सरांनी मोबाइलवर फोटो पाहून सांगितलं, रचना चुकली आहे, कडा रिकाम्या सोडल्यात. मी ते काकांच्या तोंडावर सांगितलं. मला तशीच सवय आहे.

"कडा मले दिसतच नाई," काका म्हणाले. "काढू कायच्या?"

काचबिंदू. नजर कडेकडून मध्ये मिटत येत होती. म्हणून पत्रक नाकाशी, म्हणून मान घुबडासारखी फिरवायची. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलं ते येत नाही, उरलेलं सांभाळा. हे मुलीलाही माहीत नव्हतं. काकूंना होतं, म्हणून तर त्या सुया मोडून रात्रंदिवस शिवत होत्या.

सहावं चित्र मी पाहिलं नाही. मुलीनंही पाहिलं नाही. काका म्हणाले, "ते एकच उभं हाय." मुलीचं चित्र. जाळीच्या आत उभी, हात जाळीतून बाहेर, डबा घेताना. अख्ख्या आयुष्यात उभं माणूस त्यांनी तेवढं एकच काढलं. "ते ती सगळ्याईसमोर पाहीन. घरी नाई."

आम्ही कॉलेजकडे गॅदरिंगच्या दिवशी व्हरांडा मागितला. मिळाला. काका आधीच्या रविवारी चित्रांच्या गुंडाळ्या काकूंच्या जुन्या लुगड्यात बांधून घेऊन आले, आणि त्या जिमखान्याच्या खोलीत ठेवल्या गेल्या. चावी गॅदरिंगच्या समितीकडे. गॅदरिंगच्या सकाळी घर आलं की लावायची, असं ठरलं.

गॅदरिंगचे प्रमुख पाहुणे कोण, ते तुम्ही ओळखलंच असेल.

आदल्या दिवशी समितीची धावपळ सुरू होती. साहेब येणार म्हणून होस्टेलची रस्त्याकडची भिंत सकाळीच चुन्यानं रंगवलेली. साहेबांचे नवे फ्लेक्स छापायला टाकलेले, पण छापखान्यात लाइट नव्हती. दुपारनंतर कुणीतरी जिमखाना उघडला. लुगडं सोडलं. एक गुंडाळी उलगडली, तर साहेब! दुसरीत साहेब! आम्ही दोघी तेव्हा हॉलमध्ये नाटकाच्या तालमीत होतो. तिथे काय बोलणं झालं ते नंतर समितीतल्याच एकानं मला सांगितलं, आणि तो हसत सांगत होता: "मागून कोणीतरी रंग सांडून खराब केले होते, पण समोरून साहेब एकदम कोरे होते."

रंग सांडून. हे पदवीला शिकणाऱ्या मुलांनी म्हटलं. संत्र्याची पिशवी घेऊन झोपलेला बाप समोर होता, कदाचित त्यांच्यातल्या एखाद्याचा बाप, आणि त्यांना सांडलेला रंग दिसला. वाढदिवसाच्या शुभेच्छांवर पांढरा कागद चिकटवून त्यांनी 'हार्दिक स्वागत' लिहिलं आणि सहाच्या सहा साहेब होस्टेलच्या त्याच भिंतीवर ताणून बांधले. चित्रं आत, ओल्या चुन्याला चिकटून.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर आलं. काकांनी नवा सदरा घातला होता. आत्यानं गजरा आणला होता, मुलीला माळायला. चादर अंथरायला काकू भिंतीपाशी वाकल्या आणि तशाच थांबल्या. फ्लेक्सची कड त्यांच्या हातात होती.

"अवं," त्या म्हणाल्या, "हे तं मायी शिवन हाय."

हिरवा दोरा.

काका पुढे आले. नजरेनं त्यांना साहेबांचं एक नाक दिसलं असेल फार तर. त्यांनी भिंत आणि फ्लेक्स यांच्या मध्ये हात घातला आणि बोटांनी चाचपत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. मग दुसरा फ्लेक्स. मग तिसरा. हात बाहेर काढला तेव्हा तो कोपरापर्यंत पांढरा होता आणि बोटांच्या टोकांना तपकिरी पापुद्रे होते.

मी ओरडायला सुरुवात केली होती. दोन मिनिटांत पन्नास मुली गोळा केल्या असत्या, मला ते येतं. म्हटलं, काका, आत्ताच्या आत्ता उतरवू, साहेबांच्या गाडीसमोर बसू.

"बस तू," ते म्हणाले.

"काका!"

"बस म्हनतो ना. पोट्टीले इथी अजून दोन वर्सं काढाची हायेत. याच गेटातून आत जानं हाय तिले. कार्यक्रम होऊ दे. मंग उतरवू सावकाश."

आणि ते जेवायला बसले. ठरल्या जागेवर, ठरल्या क्रमानं. आत्या साहेबांना टेकून. काकूंनी डबा उघडला. कुणी उजेडाबद्दल बोललं नाही. मुलगी सारखी विचारत होती, "बाबा, यातलं कुठलं? माझं कुठलं?" काकांनी पांढऱ्या हातानं तिच्या डोक्यामागचा फ्लेक्स दाखवला. तिनं वळून पाहिलं. साहेब हात जोडून उभे होते.

त्या दिवशी मी काकांचं ऐकलं. बापाच्या भीतीपुढे मला बोलता आलं नाही, आणि त्याची रुखरुख जात नाही.

कारण कार्यक्रम संपून आम्ही भिंतीपाशी पोचलो तेव्हा भिंत रिकामी होती. आपल्याकडची रीतच आहे: कार्यक्रम संपला की फ्लेक्स कुणाचाच नसतो. ज्याचा हात आधी पडेल त्याचा. मांडववाले, ऑटोवाले, गावाकडून आलेले प्रेक्षक, ज्यानं त्यानं ओढून नेला. मांडवाचा एक ट्रक चिखलदऱ्याकडे गेला, एक अंजनगावकडे, एवढं समजलं. भिंतीवर चुन्यात रंगाचे ठसे उरले होते. एका जागी जाळी उलटी उमटली होती.

समितीकडे तक्रार केली. उत्तर मिळालं, "फ्लेक्सच होते ना? नवे देतो की." आणि खरंच, सहा कोरे फ्लेक्स घडी करून होस्टेलवर पाठवले. काकांना सांगितलं तेव्हा ते खूप वेळ हसले. "भले लोकं हायेत गा. पर माया डोयाचा नवा फ्लेक्स कोन्या दुकानात भेटते, ते बी इचारून ये."

त्यानंतर त्यांनी ब्रश धरलेला नाही.

आम्ही दोघी सवड मिळेल तेव्हा शोधत फिरतो. छपरं बघत. लोक आम्हाला सर्व्हेवाल्या समजतात. एकच सापडलं, अंजनगाव सुर्जीच्या अलीकडे, रस्त्यालगत झोपडी आणि तिला टेकून बकऱ्यांचं खोपटं. वर साहेब, उन्हानं पिवळे पडलेले. कडेला हिरवा दोरा. आत वाकून वर पाहिलं तर त्या दोन बाया, एकमेकींची भाजी चाखणाऱ्या. एकीचा अर्धा चेहरा चुन्यानं खाल्लेला, बाकी सगळं जागेवर.

खोपट्याची मालकीण म्हातारी होती. आम्ही फ्लेक्स मागितला तशी तिनं कमरेवर हात ठेवले. "अन् माया बकऱ्या?"

ताडपत्री आणून देतो म्हटलं. मग विचारलं, आजी, चित्र आतल्या बाजूला का घेतलं?

"मंग काय साहेबाले आत घेऊ? त्याले तापू दे वरून. ह्या दोघी बऱ्या हायेत. मी दुपारची इथीच पडते. यायच्याकडं पाहते. मले वाटते, इचारीन एखाद दिवशी, काय भाजी केली व बाई?"

तो फ्लेक्स आम्ही अकोल्याला नेला. काकांनी तो पलंगावर पसरला, नाक टेकवलं आणि वीत वीत पाहत गेले. लाल अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून पाहिला. मग विचारलं, कुठे होता? मी म्हातारीचं सगळं बोलणं सांगितलं. ऐकून काका फ्लेक्स गुंडाळू लागले. म्हणाले, "वापस नेऊन दे तिले."

"काका, हे तुमचं आहे. एवढंच उरलंय."

"माया पलंगाखाली गुंडाळूनच रायलं असतं. ती रोज पाहून रायली ना? मले एक डाव पाहाचं होतं, पाह्यलं. बाकीचे बी तसेच एक एक डाव दिसले म्हंजे झालं. पर जरा लवकर पाहा बावा. खिडकी बंद होऊन रायली."

आम्ही परत नेऊन दिला.

तर वाचणाऱ्या माणसा, तुझ्याकडे मागणी आहे. सहानुभूती नको, सही नको. तुझ्या गोठ्यावर, कडब्याच्या गंजीवर, ठेल्यावर, न्हाणीच्या आडोशाला एखाद्या साहेबाचा फ्लेक्स आहे. नाही म्हणू नकोस, सगळ्यांकडे आहे. आज उजेड आहे तोवर त्याच्या कडेला हिरवा दोरा आहे का बघ. असला तर दोऱ्या सोड आणि तो उलटा कर. उजव्या कोपऱ्यात लाल अंगठा दिसला, तर पुढच्या रविवारी तो घेऊन आमच्या होस्टेलच्या गेटवर ये. आता दर रविवारी आम्ही तिथेच, काकांसकट, भिंतीला टेकून बसलेले असतो. काका एकदा पाहतील, मग तू तुझा परत ने आणि चित्र आत घेऊन बांध.

आणि त्यात जाळीतून हात काढून उभी असलेली मुलगी दिसली, तर रविवारची वाट पाहू नकोस.

ऊठ. आत्ता ऊठ.